बावीस गोण्यांची गाडी

मित्रांनो, मी एक म्हातारी झालेली डिझेल पिकअप आहे. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा आणि खाली चार चाकं, एवढाच माझा पसारा. तुमच्या गावात सिमेंट आलं असेल, लग्नाचा मांडव आला असेल, गणपती आला असेल, तर तो माझ्यासारखीच्याच पाठीवरून आला असेल. तेव्हा तुम्ही गणपती पाहिलात, मांडव पाहिलात. मला पाहिल्याचं तुमच्या लक्षातही नसेल. असो. माझ्या मनात कडवटपणा आहे, तो मी लपवत नाही. पण तो ह्या गोष्टीचा नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सांगाड्यावर इंजिन बसलं, ओझं झेलणारे पोलादी पाटे बसले, चाकं आली. माझ्या जातीच्या गाड्या रस्त्यावर आणायच्या आधी तिथल्या माणसांनी त्यांच्यावर वजनं ठेवून त्यांना चढावर नेलं होतं, उतारावर थांबवून पाहिलं होतं. त्यावरून ठरलं की मी रिकामी सोळाशे किलोची आणि भरलेली अठ्ठावीसशे पन्नासच्या वर जाऊ नये. म्हणजे माझ्यावर ओझं साडेबाराशे किलोचं. हे आकडे एका छोट्या पत्र्यावर कोरून दाराच्या खांबाला ठोकले. हा आकडा नुसत्या इंजिनाचा नसतो, मित्रांनो. इंजिन दुप्पटही ओढेल. आकडा असतो ब्रेकचा, टायरचा, आसाचा, सगळ्यांचा मिळून. त्यांतलं जे आधी थकेल त्याचा.

बारा वर्षांपूर्वी मला कडाव गावच्या सहदेवनं विकत घेतलं. घरची भातशेती, दोन म्हशी, आणि त्या घरात आलेली पहिली गाडी मी. त्याची बायको मैना हिनं मला हार घातला, कुंकू लावलं. सहदेव मात्र दार उघडून तो पत्रा वाचत बसला होता. दोनदा वाचला. मग बोटांवर हिशेब केला.

पहिल्याच आठवड्यात आम्ही राईस मिलवर तांदूळ भरायला गेलो. बावीस गोण्या चढल्यावर सहदेवनं हात वर केला.

"बास रं."

मिलवाला हसला. "एवढ्यात? अजून दहा जातील. दुसऱ्या गाड्या चाळीस नेतात."

"साडेबाराशे पासिंग हाय, ते माझ्यासकट," सहदेव म्हणाला. "मी सत्तर किलो, हिरू साठ. राहिले अकराशे वीस. पन्नासची गोणी. बावीस झाल्या की अकराशे. तेविसावी नाय."

"आणि वरचे वीस किलो?"

"त्यात हिरूचा डबा हाय, स्टेपनी हाय, दोरखंड हाय."

त्या दिवसापासून लोक त्याला 'बावीस गोणी' म्हणू लागले. चेष्टेनंच. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि मला तर फार अभिमान वाटला.

हिरू म्हणजे माल चढवणारा, उतरवणारा आमचा सोबती. सहदेवच्याच वयाचा. कशेळ्याच्या वर डोंगरात त्याची वाडी होती. पहाटे जीपनं खाली यायचा आणि आल्या आल्या आधी माझ्याकडे यायचा. टायर ठोकून बघायचा, पाणी बघायचा, ब्रेक ऑईलच्या डबीवर बोट टेकवून पातळी बघायचा. ही त्याची रोजची पूजा होती म्हणा ना. घाटात चढ लागला की केबिनवर थाप मारून म्हणायचा, "हळू गं बाय, घाई नाय आपल्याला." मला बाय म्हणणारा तो एकटाच.

नऊ वर्षं आम्ही असे फिरलो. तांदूळ, दूध, पेंड, भाजी, कधी लग्नाची भांडी. चौकात पोलीस इतर गाड्या बाजूला घेत आणि आम्हाला हातानं जा म्हणत. नऊ वर्षांत माझा एक पाटा तुटला नाही.

मग डोंगरांवर बंगले आले. भिवपुरीच्या बाजूपासून कशेळ्याच्या वरपर्यंत टेकड्या कापल्या गेल्या, प्लॉट पडले. फरशा, विटा, खडी, सिमेंट ह्यांना गाड्या कमी पडू लागल्या. पण बावीस गोण्यांची गाडी कोणालाच नको होती. जो एका खेपेत चाळीस नेतो, त्याला सोडून दोन खेपा करणाऱ्याला कोण बोलावणार? फोन कमी झाले. एकदा मी सलग बारा दिवस दारातल्या फणसाखाली उभी होते. माझ्या हौद्यात कोंबड्या बसू लागल्या.

मैना एक दिवस त्याला म्हणाली, "अवं, सगळेच भरतात. त्यांच्या गाड्या काय मोडून पडल्या का?"

सहदेवनं हौद्यातल्या कोंबड्या हाकलल्या. त्याच आठवड्यात रूपेश आला. रूपेश कर्जतचा, बंगल्यांची कामं घेणारा. गोड बोलणारा.

"काका, तुमच्यासारखा भरवशाचा माणूस मला हवाय," तो म्हणाला. "रोजचं काम देतो. फक्त पाटे वाढवून घ्या. ताकद वाढते गाडीची."

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्या मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे बसवले. मित्रांनो, हे नीट ऐका. पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. ब्रेक तेच राहतात, टायर तेच, आस तोच. वाढतं ते एवढंच, की गाडी वाकत नाही. पूर्वी ओझं जास्त झालं तर मी मागून खाली बसायचे आणि सहदेवला ते दिसायचं. आता मी दोन टन घेऊनही ताठ उभी राहू लागले. मला दुखतंय हे सांगायची माझी एकच रीत होती, तीच त्यांनी बंद केली.

पहिल्यांदा तीस गोण्या भरल्या तेव्हा सहदेवनं मागे जाऊन मला पाहिलं. "वाकली नाय रं," तो हिरूला म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता. तो मला अजून आठवतो, आणि अजून बोचतो.

पुढचा उन्हाळा कडक होता. रूपेशच्या टेकडीवरच्या कामाला पाणी पुरेना. त्यानं एक दोनचाकी ट्रॉली आणली, तिच्यावर दोन हजार लिटरची टाकी. माझ्या मागे लोखंडी हूक वेल्डिंग करून घ्यायचा त्याचा बेत होता.

"काका, पाठीवर कुठं घ्यायचंय? नुसतं ओढायचंय. फरशा हौद्यात, पाणी मागं. एका खेपेत दोन्ही कामं."

हिरू ट्रॉलीभोवती फिरून आला. "दादा, चढावर ओढंल ती," तो म्हणाला. "पर उतारावर ह्या टाकीला थांबवणार कोण? हिला ब्रेकच नाय. सगळा भार आपल्या गाडीवर येनार."

"उतार केवढा हाय तिथं? ओढ्यावरच्या मोरीजवळ तेवढाच. हळू जाऊ," सहदेव म्हणाला.

"तुमी म्हणाल तसं," हिरू म्हणाला.

ओढणं आणि वाहून नेणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागची ट्रॉली आपल्या पाठीवर नसते हे खरं, पण उतार लागला की ती आपल्याला ढकलते. जेवढं ओढता येतं त्याहून जेवढं थांबवता येतं, ते महत्त्वाचं. हे सहदेवला कळत नव्हतं असं नाही. नऊ वर्षं ज्यानं हिरूचा डबासुद्धा वजनात धरला, त्याला हे नक्की कळत होतं.

हूक बसला, ट्रॉली जोडली. पाच दिवस ठीक गेले. सहाव्या दिवशी दुपारी माझ्या हौद्यात फरशांचे साठ बॉक्स होते, म्हणजे अठराशे किलो. मागे टाकी काठोकाठ. पहिल्या गिअरमध्ये कण्हत मी चढ चढले. माथ्यावरून रस्ता मोरीकडे उतरतो. सहदेवनं ब्रेकवर पाय ठेवला, मी चाकं धरली. पण मागून टाकीनं धक्का दिला. पुन्हा दिला. ब्रेकमधले माझे लायनर तापले, जळका वास सुटला. मी धरत होते, मित्रांनो. पण माझ्या धरण्याला मर्यादा होती, आणि ती ओलांडली गेली होती.

"लागत नाय! हिरू, लागत नाय!" सहदेव ओरडला.

हिरूनं दार उघडलं आणि उडी मारली. रस्त्याकडेचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि धावत येऊन ट्रॉलीच्या चाकापुढे टाकला. चाक दगडावर चढलं, ट्रॉली तिरकी होऊन कलंडली, मी मोरीच्या कठड्याला घासून थांबले. सहदेव वाचला. टाकीखाली हिरूचा उजवा पाय होता.

रूपेश आणि त्याची कामावरची माणसं धावत आली, त्यांनी पहारींनी ट्रॉली उचलून हिरूला बाहेर काढलं आणि सहदेव त्याला एका जीपमधून दवाखान्यात घेऊन गेला. मागे राहिला रूपेश आणि त्याची माणसं. रूपेशनं आधी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. ज्या पाण्यासाठी हे सगळं झालं ते पाणी रस्त्यावरून ओढ्यात वाहून गेलं. मग माझ्या हौद्यातले चाळीस बॉक्स त्यांनी दुसऱ्या टेंपोत चढवले. गाडी तपासणारे साहेब आले, तेव्हा माझ्या पाठीवर वीसच बॉक्स होते. पासिंगच्या निम्मे.

दुसऱ्या दिवशी सहदेवला तिथंच बोलावलं. हिरूचा पाय गुडघ्याच्या वर कापला हे त्याला तोवर कळलं होतं. सकाळी घरातून निघताना मैना रडत म्हणाली होती, "तुमाला आत टाकलं तर आमी काय करायचं?"

"काय झालं नक्की?" साहेबांनी विचारलं.

"पाय दाबला साहेब. ब्रेक लागला नाय."

"टाकी भरलेली होती?"

"रिकामी होती साहेब," रूपेशच म्हणाला. "भरायला चालली होती. हो ना काका?"

सहदेवनं माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्ता वाळून गेला होता. त्यानं मान हलवली. साहेबांनी माझे जळलेले लायनर पाहिले आणि लिहिलं : ब्रेक निकामी.

खोटं एकदा कागदावर गेलं की ते तिथं थांबत नाही. आठवड्याभरात लोक बोलू लागले. ब्रेक गेलाच कसा? ब्रेक ऑईल बघायचं काम कोणाचं? हिरूचं. मग त्यानंच बघितलं नसेल. पाय गेला त्याचाच, आणि चूकही त्याचीच ठरली. सहदेवच्या समोर लोक असं बोलत आणि तो चहाच्या कपात पाहत राही.

मी दुरुस्त झाल्यावर तो एकदा तांदळाच्या चार गोण्या घेऊन हिरूच्या वाडीवर गेला. हिरूची बायको चिंधी अंगणात आली. तिनं सहदेवला बसायला सांगितलं नाही.

"दादा, त्या दिवशी सकाळी ह्यांनी ब्रेकचं तेल बघितलं व्हतं का नाय?"

"बघितलं व्हतं गं."

"मंग तिकडं का नाय सांगितलं?"

सहदेव गोण्या उतरवायला मागे वळला.

"तांदूळ उतरवू नका," चिंधी म्हणाली. "आमी खानार नाय."

हिरू कुबडीवर टेकत बाहेर आला. सहदेवच्या शेजारून तो पुढे निघाला. अंगण ओलांडून माझ्याजवळ आला, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "बरी हाय का गं बाय?" तेवढंच. मग पाठ फिरवून हळूहळू आत गेला. चार गोण्या घेऊन आम्ही डोंगर उतरलो.

त्यानंतर सहदेवनं मला फारसं चालवलं नाही. गेल्या महिन्यात त्यानं मला खालापूरकडे एका भंगारवाल्याच्या आवारात आणून उभं केलं. भंगारवाल्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ब्रेक गेला होता ती हीच ना?"

"ब्रेक चांगला व्हता," सहदेव म्हणाला. "हिरूनं सकाळीच बघितला व्हता. मी भरली जास्त. दीडपटीच्या वर भरली. मागची टाकीपन भरलेली व्हती. गाडीची चूक नाय, हिरूची तर नायच नाय."

भंगारवाल्यानं बॉनेट उघडून आत डोकावलं. "बॅटरी काढून नेताय, का राहू देताय?" त्यानं विचारलं.

सहदेवनं माझं दार लावलं. मग बॅटरी न घेता पायी हमरस्त्याकडे निघून गेला.

आता माझी चाकं काढली आहेत, इंजिनही उद्या-परवा जाईल. मित्रांनो, गाडीवर किती भरायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच भरा. मागे काही जोडायचं असेल तर ते उतारावर थांबेल का, हे आधी विचारा. आणि तरीही हातून चूक झालीच, तर जिथं ती लिहून घेतात तिथं, त्याच दिवशी, तोंडानं सांगा. भंगारवाल्याला सांगून हिरूच्या दारातलं काहीच बदलत नाही.