अधिकातली नवमी

प्रज्योतच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे रेवदंड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी मनुबाईंनी विश्वास टाकला तो नेमका त्याच्यावर. आता याला भोळेपणा म्हणा नाहीतर दैव म्हणा.

मनुबाई म्हणजे धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरात निघेपर्यंत धवले गाणारी बाई. नवरानवरीचं नाव घेऊन ती देवांना आणि थोरामोठ्यांना एकेक करून मांडवात बोलावते, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. प्रज्योतचा धंदा लग्नांच्या शूटिंगचा. मांडवात डीजेच्या दणक्यात मनुबाईंचा आवाज कधी धड रेकॉर्ड व्हायचा नाही, म्हणून तो मागे लागला होता, "काकी, एकदा स्टुडिओत येऊन गा ना." मनुबाई दर वेळी टाळायच्या. लग्नाशिवाय धवला म्हणू नये, असं त्यांचं ठाम मत.

आणि यंदा अधिक ज्येष्ठ आला. धोंड्याच्या महिन्यात लग्नं बंद, प्रज्योत माश्या मारत बसलेला, आणि दारात मनुबाई हजर!

"गाते," त्या म्हणाल्या. "पन तू भायेर बसाचा. आनि मी हाय तवर कोनी ऐकाचा न्हाय. मी गेल्यावर काय तो ऐका."

प्रज्योतने मशीन चालू केलं, दार लावलं आणि बाहेर टपरीवर वडापाव खात बसला. मनुबाई घाम पुसत बाहेर आल्या, चहासुद्धा न घेता घरी गेल्या. त्यानंतर पंधरवड्यातच त्यांचा घसा बसला तो बसलाच. अलिबागच्या डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद करायला सांगितलं. निज ज्येष्ठातली उरलीसुरली लग्नं त्यांच्या हाताखालच्या तुळशीने गाऊन काढली. म्हणजे मनुबाईंचा आवाज जो काय उरला, तो त्या एका रेकॉर्डिंगमध्ये.

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. प्रज्योतने एका दुपारी ते चोरून उघडलं. आणि लगेच थळला आपल्या मामेबहिणीला फोन लावला.

"प्राप्ते, तुझ्याकडची नवमीची फाइल उघड बघू. माझ्याकडे मनुबाईंच्या जागी पाटलांच्या हळदीचा धिंगाणा निघतोय."

प्राप्ती नवी मुंबईच्या एका कंपनीचं काम थळच्या घरातून करायची. पण तिचा जीव अडकलेला 'हेरॉन'मध्ये. हेरॉन हा एका कॉम्प्युटरवरच्या मालाची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवणारा प्रोग्राम. फुकट, आणि सगळ्यांसाठी उघडा. ज्याला त्यात भोक दिसेल त्याने स्वतः बुजवावं आणि बाकीच्यांना दाखवावं, अशी रीत. प्राप्तीने आजवर त्याच्या माहितीपत्रातल्या दोन चुका तेवढ्या दुरुस्त केल्या होत्या, पण तोरा असा, की जणू तो तिनेच बांधलाय. प्रज्योतच्या स्टुडिओत तो तिनेच बसवला. शूटिंगची प्रत रेवदंड्याहून थळच्या तिच्या मशीनवर यायची, आणि जागा कमी म्हणून स्टुडिओतलं जुनं निघून जायचं.

तिने आपल्याकडची नवमी उघडली. तिथेही हळद. पाटलांचे काका पिवळेधमक होऊन नाचत होते.

"दादा, ही कुठली नवमी?"

"ज्येष्ठ शुद्ध नवमी. नाव लिहिलंय की."

"कुठल्या ज्येष्ठातली?"

पलीकडे पंचांगाची पानं फडफडली.

झालं होतं ते एवढंच. प्रत्येक प्रतीला एक नाव द्यायचं असतं. बाकीचं जग तारीख देतं. पण लग्नाच्या धंद्यात तारीख विचारतो कोण? प्रज्योतला झोपेतून उठवून विचारलंत तरी कोणाची हळद कुठल्या तिथीला ते सांगेल, म्हणून त्याने नावंही तिथीचीच दिली. वर्ष लिहायला तो विसरला नाही. 'अधिक' मात्र कधी लिहिलं नाही, कारण अधिकात कामच नसतं! जन्मात पहिल्यांदा त्याने अधिकात काही रेकॉर्ड केलं, आणि महिन्याने निज ज्येष्ठाच्या नवमीला पाटलांची हळद त्याच नावाने थळला जाऊन पोचली. हेरॉनने पाहिलं, नाव तेच, म्हणजे ही त्याचीच नवी प्रत. जुनी काढली, नवी बसवली, आणि वर 'यशस्वी' म्हणून कळवलं. रेकॉर्डरचं कार्ड तर प्रज्योतने केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं होतं.

"मेलो," प्रज्योत म्हणाला. "काकींना कोण सांगणार?"

"थांब जरा," प्राप्ती म्हणाली. भीती तिलाही वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला नवल जास्त वाटत होतं. नाव गेलं हे कबूल, पण माल कुठे गेला?

हेरॉन मालाचे लहान लहान तुकडे करून ठेवतो. प्रत काढून टाकली की नाव पुसलं जातं, तुकडे तिथेच पडून राहतात. अधूनमधून झाडलोट होते तेव्हा ते खरे जातात. प्राप्तीने आधी झाडलोट बंद केली, आणि मग त्या बेवारशी ढिगात उतरली. प्रत्येक तुकड्यावर त्याच्या आतल्या मालावरून काढलेला लांबलचक आकडा. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो, तसा. कुठले तुकडे कुठल्या क्रमाने जोडायचे हे सांगणाऱ्या याद्याही त्या ढिगातच असणार. ज्या यादीला आज कोणीच विचारत नाही, ती आपली. पण तसं शोधायची सोय हेरॉनमध्ये नव्हती. मग ती आपणच करावी, असं तिच्या मनाने घेतलं, आणि अडलं तिथे तिने हेरॉनच्या मंडळींना सगळा प्रकार लिहून विचारलं.

उत्तर आलं युहानीचं. हा फिनलंडचा बुवा, हेरॉन मुळात त्याने लिहिलेला. त्याने तुकड्यांचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते हे, की एका वर्षात एकच दिवस दोनदा कसा येतो?

प्राप्तीने सांगितलं. चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत, मग तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जादा घालावा लागतो. बुवाला काय आनंद झाला! तुमच्याकडे चक्क शिलकीचा महिना असतो? त्यात लोक करतात काय? जावयाला बोलावून अनारसे देतात, तिने लिहिलं. आणि सुनेला? यावर काय लिहावं ते प्राप्तीला सुचेना, म्हणून तिने आईला विचारलं. आई म्हणाली, त्याला सांग, सूनबाई अनारसे तळते.

गप्पा भरपूर झाल्या, पण शेवटी बुवाने मान्य केलं. नावावरून ओळख पटवायचं त्यानेच सुरुवातीला ठरवलं होतं. एक नाव दोनदा येणार नाही असं तो धरून चालला होता. चूक माझी, दुरुस्ती तुझी, असं त्याने लिहिलं. प्राप्तीने हेरॉनला नावाऐवजी ठशावरून ओळखायला शिकवलं. पहिल्या खेपेला त्याने ते परत पाठवलं, दुसऱ्यालाही पाठवलं, प्राप्ती चरफडली, त्याला मराठीत दोन शिव्या दिल्या आणि पुन्हा बसली. तिसऱ्या खेपेला घेतलं. बेवारशी याद्या शोधायची सोयही घेतली.

आणि तीच सोय थळच्या मशीनवर चालवली, तेव्हा एक यादी वर आली. तिच्यापाठी एकच मोठी आवाजाची फाइल. नावाच्या जागी नुसता नंबर.

"लाव!" प्रज्योत तिथेच येऊन बसला होता. "दोन मिनिटं ऐकू. काकींचं आहे का, शेवटपर्यंत आहे का, ऐकल्याशिवाय कळणार कसं?"

बोलणं खरं होतं. आणि खोटं कशाला बोला, प्राप्तीला ऐकायचं होतं, जीव तोडून ऐकायचं होतं. एवढा ढीग उपसला, त्याच्या तळाशी काय आहे हे बघू नये? असं काय गायलं असेल बाईने, की ती असेपर्यंत कोणी ऐकू नये? तिचं बोट बटणावर गेलं होतं. मग तिने फाइल फोनमध्ये घेतली, प्रज्योतला घरीच बसवलं आणि रेवदंड्याची रिक्षा धरली.

मनुबाई ओटीवर सुका जवळा निवडत होत्या. प्राप्तीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हंजे गेला?" मनुबाईंचा आवाज नुसता खरखरत होता.

"गेलं होतं. आता सापडलंय बहुतेक. पण ऐकल्याबिगर खात्री नाही, आणि तुम्ही तर ऐकायचं नाही म्हणालात."

"मंग तू ऐकला?"

"नाही."

"त्या प्रज्योतनी?"

"त्याने ऐकायला घेतलं, तेव्हाच तर कळलं हरवलंय ते."

मनुबाई हसल्या. हसता हसता खोकल्या. "मेला! मना वाटलाच होता." त्यांनी हात पदराला पुसले आणि पुढे केला.

प्राप्तीने इअरफोन त्यांच्या कानात घातले आणि फाइल लावली. मनुबाईंनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले, पण आवाज नाही. मध्येच बोटं मांडीवर ठेका धरायची, मध्येच थांबायची. प्राप्ती तोंडाकडे बघत राहिली. शेजारची कोंबडी जवळ्यात चोच घालून गेली, तरी कोणी हाकललं नाही. मग मनुबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "हाय. सगला हाय." इअरफोन काढून त्यांनी प्राप्तीच्या हातात दिले. "तू ऐक. तूच. त्याला नको."

प्राप्तीने पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्या म्हाताऱ्या आवाजात किती ताकद होती! आधी गणपती आला, मग एकवीरा आली, गावदेवी आली. मग नवरदेवाचं नाव आलं, भागोजी. भागोजी म्हणजे मनुबाईंचा नवरा, जाऊन वर्षं झाली. आणि मग नवरीचं नाव आलं. मनू.

प्राप्तीने चमकून वर पाहिलं.

"माजी आयस या गावाची धवलारीन," मनुबाई म्हणाल्या. "मी भागोजीसंगं दिघीला पलून गेलू. आयशीनी सांगितला, तुज्या नावाचा धवला माज्या तोंडातून निगाचा न्हाय. न्हायच निगाला. सगल्या गावाच्या पोरी मी देवाला सांगितल्या गो. मना कोन सांगनार?"

"म्हणून अधिकात आलात?"

"अधिकात म्हटला का कोनाच्या लग्नाला बाधत न्हाय." त्यांनी नाक शिंकरलं. "नाव नीट ऐकाला येतं?"

"येतं, काकी. स्वच्छ येतं."

"मंग पुढं ऐक. आता मी आयशीला बोलवतंय."

प्राप्तीने एका कानातला इअरफोन काढून मनुबाईंच्या कानात घातला. आत मनूचा मांडव भरत चालला होता. चुलते आले, मामा आले, शेजारपाजार आला. मग धवल्याने नवरीच्या आईला हाक मारली, एकदा, दोनदा, आणि ओटीवर दोघीजणी ती येते का ते ऐकत बसल्या.