बोलायचं माप

आमच्या शिलाईच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कमरेची दोन मापं असतात. एक खरं, ज्यावर कापड कापायचं. दुसरं बोलायचं, जे टेप गुंडाळता गुंडाळता गिऱ्हाइकाला ऐकवायचं. ही माझ्या सासूबाईंची पद्धत. त्या म्हणतात, आकडा गोड हवा आणि कपडा बरोबर. मग माणूस कुठे जात नाही. या एवढ्याशा खोटेपणावर त्यांनी दुकान उभं केलं. संगणक आल्यावर मीच सगळ्यांची नावं, मेलचे पत्ते आणि दोन्ही मापं स्प्रेडशीटमध्ये भरली. घरच्यांचीसुद्धा, कारण आमचे कपडेही सासूबाईच बेततात. माझं माप तेवढं लग्नापासून एकच आहे, हे जाता जाता सांगते.

आता सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना. दुकान कुणाच्या हाती द्यायचं? माझ्या नवऱ्याला सुई कुठून धरायची ते कळत नाही आणि मी पडले सून. कात्री चालवून माझ्या बोटांना घट्टे पडले, पण किल्लीसाठी नाव निघालं जावईबापूंचं, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याचं. नुकतेच नोकरी सोडून घरी बसलेले. सोडली की सोडवली, देव जाणे. त्यांनी सासूबाईंच्या गळी उतरवलं की सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम मेल पाठवली की दारात रांग लागेल. सासूबाई म्हणाल्या, हे एवढं काम नीट करून दाखवा, दुकान तुमचं. मला असा संताप आला म्हणून सांगू! पण जावयापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

तर जावईबापू खुर्चीत बसले, मला चहा सांगितला आणि यादी मेलच्या प्रोग्राममध्ये चढवायला घेतली. त्यात इकडचा कुठला रकाना तिकडे कुठे न्यायचा, ते एकेक करून जोडून द्यावं लागतं. नाव जोडलं, पत्ता जोडला आणि मापाचे दोन रकाने बघून त्यांना हसू फुटलं. एका कमरेला दोन आकडे? काय हा गबाळा कारभार! मी सांगायला तोंड उघडलं.

"वहिनी, तुम्ही इस्त्रीचं बघा."

बरं बाबा. मी इस्त्रीचं बघितलं. 'बोलायचं' हा काय रकाना झाला, म्हणून त्यांनी तो गाळला आणि खरं माप जोडून दिलं. गावभर मेल गेली: 'तुमचं माप आमच्याकडे जपून ठेवलं आहे. कंबर अमुक इंच. आजच नवा कपडा शिवायला टाका!'

रांग लागली, खोटं कशाला बोलू. सगळ्यांत पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका, हातात फोन. आमच्या तोंडून कायम चौतीस ऐकलेल्या बाई, त्यांना लेखी एकेचाळीस आलेलं. आजवर फसवलंत की आता फसवताय, एवढंच सांगा, म्हणाल्या. दाताच्या डॉक्टरांनी तर न शिवलेलं कापड परत मागितलं. सासूबाई स्टुलावर मटकन बसल्या. मघापर्यंत मनातल्या मनात मजा बघत होते मी, पण त्यांचं तोंड बघून ती मजा गेली. एवढ्या वर्षांची कमाई दुपारच्या दुपारी चालली होती.

आणि जावईबापू सगळ्यांना समजावतायत की प्रोग्राम कधी चुकत नाही, माणूस चुकतो. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःला आलेली मेल उघडली. त्यांचा लग्नातला कोट त्यांना अजून होतो, असं ते येता-जाता ऐकवतात. सासूबाई दरवर्षी गुपचूप त्याच्या शिवणी सैल करतात, हे त्यांना कोण सांगणार?

"बेचाळीस?" ते म्हणाले. "मी छत्तीस आहे."

सासूबाई उठल्या. गळ्यातला टेप काढून सगळ्यांदेखत जावयाच्या कमरेला लावला. त्यावरचे आकडे त्यांना हल्ली दिसतही नाहीत.

"छत्तीस," त्या म्हणाल्या. "यादी चढवताना घोळ झालाय."

झालं. जावईबापूंनी छाती पुढे काढून एकेकाला सांगितलं की होय, घोळ माझ्या हातूनच झाला, सगळे आकडे चुकलेत. इतक्या मनापासून सांगितलं की कुणाला शंकाच आली नाही. सासूबाईंनी मग रांगेतल्या प्रत्येकाला टेप लावून गोड आकडा ऐकवला. मुख्याध्यापिका जाताना दोन ड्रेस टाकून गेल्या.

दुकान रिकामं झाल्यावर जावईबापूंनी किल्लीचा विषय काढला. सासूबाई अगदी हळहळून म्हणाल्या, "साधी यादी चढवता आली नाही, असं तुम्हीच चारचौघांत कबूल केलंत. आता मी काय बोलू?" आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

घरी जाताना रस्ताभर मला हसू आवरत नव्हतं. आपल्या कमरेचं एवढं सोंग करतात लोक! मेल मलाही आली होती. ती मी लगेच पुसून टाकली. त्यात मात्र खरोखरच घोळ झाला होता.