टेबलाच्या पायाखालचं बूच

मित्रांनो, मी एक जुनं बूच आहे. अंगातून आरपार भोक, डोक्यावर लाल रंगाचे उरलेसुरले पोपडे, आणि कमरेत जरा चेपलेला. चेपलो कसा, तेही सांगतो.

जन्मानं मी खोकल्याच्या बाटलीचं बूच. खोकला बरा झाला, बाटली भंगारात गेली आणि मी एका घड्याळजींच्या हाती लागलो. त्यांनी तापवलेल्या सुईनं मला भोक पाडलं, त्यातून गळाची दोरी ओवली आणि पाण्यावर लांबून दिसावं म्हणून माझं डोकं बायकोच्या नखांच्या रंगात बुडवलं.

"माझ्या नखांना पुरत नाही, आणि बुचाला लाली," बाई म्हणाल्या.

दर सुट्टीला आम्ही तळ्यावर जायचो. मी वर तरंगायचो, माझ्याखाली गळाला गांडूळ लटकायचं. मी बुडालो की समजायचं, मासा लागला. बाकीची माणसं काठी धरून पुतळ्यासारखी बसत. घड्याळजींचं तसं नव्हतं. ते काठीचं टोक अलगद उचलून मला वीतभर ओढत. खालचं गांडूळ उठे, आणि पुन्हा हळूहळू खाली बसे. मग ते मनातल्या मनात वीस टिकटिकी मोजत थांबत.

"नुसतं लटकलेलं गांडूळ मेलेलं वाटतं," ते बायकोला समजावत. "सारखं हलवलं तर मासा बिचकतो. थोडं हलवायचं आणि थांबायचं. मासा येतो तो थांबण्यात."

"भांडताना बरं हे थांबणं आठवत नाही तुम्हाला," बाई शेंगा सोलता सोलता म्हणत.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. माझं कौतुकही व्हायचं. शेजारच्या गळवाल्यांच्या बुचांपेक्षा मी जास्त वेळा बुडालो आहे, हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

मग घड्याळजींचा उजवा हात थरथरायला लागला. आधी मला कळलं, कारण दोरीतून त्यांच्या मनातलंसुद्धा माझ्यापर्यंत यायचं. नंतर तिळाएवढे स्क्रू चिमट्यातून पडायला लागले, आणि दुकानाचं दार बंद झालं. तळं सुटलं. ते चारचौघांत चहा घेईनात. एक दिवस डुगडुगत्या टेबलावरचा चहा त्यांच्या हातावर सांडला. त्यांनी रागारागानं मला दोरीवरून कापलं आणि टेबलाच्या आखूड पायाखाली कोंबलं.

तेव्हा मी चेपलो. दोन वर्षं मला फक्त पाय दिसत होते. बाईंची आणि आल्यागेल्यांची पावलं उठून गेली की मगच घड्याळजींची पावलं जेवायला येत.

एका बुधवारी लेकीचा फोन आला. ज्याच्याशी लग्न ठरवलं होतं तो मुलगा आणि त्याची आई, दोघांना घेऊन ती रविवारी जेवायला येणार होती.

"मला ताप आहे म्हणून सांग," घड्याळजी म्हणाले.

"रविवारचा ताप बुधवारीच कळला?"

"अगं, चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं शर्टच जेवतो. काय म्हणतील ते? पोरीला खाली बघायला लागेल."

शनिवारी सकाळी बाईंनी गुडघ्यानं टेबल उचललं, मला बाहेर काढलं आणि दोरीत ओवलं.

"चला. उद्या माशाचं सूप करायचंय."

"या हातानं?"

"माझ्या हातानं. तुम्ही फक्त बसा."

तळ्यावर बाईंनी काठी घट्ट धरली. तासभर मी जागचा हललो नाही.

"अगं, हलव की जरा," घड्याळजींना राहवेना.

बाईंनी असा हिसका दिला की मी पाण्याबाहेर उडालो.

"मासे धरतेस की विहिरीतून बादली ओढतेस? आण इकडे."

दोन वर्षांनी त्यांनी काठी हातात घेतली. थरथर दोरीतून उतरली आणि मी नाचायला लागलो. माझ्याभोवती पाण्याची वलयं थांबेचनात. मासा कुठला यायला. घड्याळजींचा चेहरा उतरला. ते काठी खाली ठेवणार, इतक्यात बाईंनी आपला तळवा त्यांच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी शांत झालो.

"किती टिकटिकी?"

"वीस."

बाईंनी वीस मोजले आणि हात काढला. मी नाचलो, गांडूळ उठलं. पुन्हा हात ठेवला, गांडूळ बसलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा वीस पुरे व्हायच्या आत मी गपकन पाण्याखाली गेलो.

मासा चांगला हातभर होता. "हा धरला कुणी?" घड्याळजींनी विचारलं.

"हलणारा हात तुमचा, थांबणारा माझा," बाई म्हणाल्या. "उद्या मी शेजारीच बसणार आहे."

घरी आल्यावर त्यांनी मला टेबलाखाली न घालता खिडकीत ठेवलं. "डुगडुगू दे," म्हणाल्या. "काही सांडलं तर टेबलाच्या नावावर खपेल."

रविवारी पाच माणसं बसली. घड्याळजींचा चमचा वाडग्यावर किणकिणला, सूप टेबलावर सांडलं. लेक ताटाकडे बघायला लागली.

"हे टेबलच मेलं आखूड पायाचं," बाई पटकन म्हणाल्या.

होणारा जावई मदतीला तत्पर. तो वाकला, पाय बघितला, इकडेतिकडे शोधलं आणि खिडकीतून मला उचललं. "हे बूच बसेल इथं."

पुन्हा नुसते पाय बघायचे दिवस आले, मला वाटलं.

"नको," घड्याळजी म्हणाले. "ते माझ्या गळाचं आहे. आणि टेबलाचा काही दोष नाही. माझा हात हलतो. दोन वर्षं झाली."

मग मुलाच्या आईनं वाडग्यात बघितलं. "मग हा मासा कसा हो धरलात?"

"याच हातानं. सांगतो." त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. मी थरथरत होतो, आणि लेक आता मान वर करून बघत होती.

मित्रांनो, मी पुन्हा तळ्यावर जातो. टेबलाच्या पायाखाली आता पुठ्ठ्याची घडी आहे. तुमच्या घरी कुणाचा हात थरथरत असेल, तर घाईघाईनं त्यांच्या हातातला कप काढून घेऊ नका. आपला हात वर नुसता ठेवा आणि वीस मोजा. माझं ऐका, थांबण्यात मी बरंच काही येताना पाहिलं आहे.