पेन्सिलीचे गोल

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या खणात, विजेरी आणि पेन्सिलीच्या तुकड्याशेजारी जो पिवळट कागद दिसतो ना, तो मी. मी रस्त्यांचा एक जुना नकाशा आहे. घड्यांवर विरलोय. एक गाव तर पार भोकात गेलंय.

छापखान्यातून आलो तेव्हा मी करकरीत होतो. प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी मला जमिनीवर पसरत. कोपऱ्यांवर तांब्या, वाटी, चष्म्याचं घर आणि बाबांचा बूट. बाबा माझ्या वळणावळणांवर दोरा ठेवत आणि मग तो ताणून पट्टीवर मोजत.

"बघ, हा डोंगरातला रस्ता जवळचा."

"जवळचा आहे हो," आई म्हणे, "पण पोरीच्या पोटाला कोण समजावणार?"

त्यांच्या चिमणीला गाडी लागत असे. जिथे तिला उलटी होई, तिथे आई माझ्यावर पेन्सिलीने लहानसा गोल करी. पुढच्या खेपेला तो गोल यायच्या आधीच गाडी एखाद्या झाडाखाली थांबे आणि चिमणी लिंबू हुंगत पाय मोकळे करी. माझी घडी फक्त आईलाच जमे. बाबांनी घातली की ती विचारी, "ही घडी की बोळा?"

पुढे फोन रस्ता सांगू लागले आणि मी कपाटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नवे रस्ते माझ्यात नव्हतेच.

चिमणी आता स्वतः आई झाली आहे. परवा तिने मला रद्दीवर टाकलं. त्याच दिवशी आजीकडे निघायचं होतं, आणि तिची छोटी दार धरून बसली.

"मी नाही येणार. मला उलटी होते, मग सगळे नाक धरतात."

चिमणी तिच्याजवळ टेकली. मग तिने मला रद्दीवरून उचलून उघडलं.

"हे गोल बघ. इथे मी ओकले होते. इथेही. आणि इथे तर आजोबांच्या बुटात."

छोटी रडायची थांबली. "बुटात?"

"नव्याकोऱ्या."

छोटी गाडीत बसली. प्रत्येक गोलाआधी आम्ही थांबलो. जुनी झाडं गेली होती, पण कुठे पंपाची, कुठे भिंतीची सावली मिळाली. आजीचं घर जवळ आलं आणि एकही गोल नसलेल्या जागी व्हायचं ते झालंच. छोटीने चूळ भरली, तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "पेन्सिल दे."

आजीने मला मांडीवर पसरलं, चष्मा लावला. "हा गोल काही माझा नाही."

"माझा आहे," छोटी ऐटीत म्हणाली.

मग आजीने माझी घडी घातली, आधी उभी, मग आडवी. इतक्या वर्षांनीही तिचा हात चुकला नाही.

मित्रांनो, रस्ता दाखवणं आता माझं काम नाही. पण असा एखादा कागद घरात सापडला, तर टाकण्याआधी आईला विचारा, ही खूण कसली. आणि घडी घालाल ती जरा हळू घाला. भोकात आणखी एखादं गाव जायला नको.