दोन हिरवे दिवे

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा ही आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला.

"नेत्रदानातलं बुबुळ आलंय," सिस्टर म्हणाली. "पहिला नंबर तुमचाच आहे. डॉक्टर आजच करणार आहेत. आणता ना मावशींना?"

या फोनची वाट पाहून आम्ही थकलो होतो. हिचा एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्यावर सायीसारखं पांढरं आलेलं. चहात साखर किती टाकली ते हिला चमचा वाजल्यावर कळायचं. आणि मी काय म्हणावं?

"विचारून सांगतो."

"बारापर्यंत सांगा. नाहीतर मला पुढच्या नंबरला विचारावं लागेल."

ही केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. मी सगळं सांगितलं.

"हो म्हणालात ना?"

"विचारून सांगतो म्हणालो."

"अहो, त्यात विचारायचं काय?"

"तूच म्हणाली होतीस, माझ्या डोळ्यांचं मला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही."

"ते चष्म्याच्या फ्रेमचं म्हणाले होते मी."

मी लगेच फोन लावला. पलीकडं घंटा वाजत राहिली, मग एक मंजुळ बाई म्हणाली की सध्या कुणीही उपलब्ध नाही. पुन्हा लावला. पुन्हा मंजुळ बाई. हिनं साडी नेसली, पिशवी भरली, तरी मी लावतोच आहे आणि ती बाई तेच सांगते आहे, न कंटाळता.

त्या दवाखान्याच्या फोनची यंत्रणा आमचे जावईच सांभाळतात. तिथले फोन आता इंटरनेटवरून चालतात, आणि त्यासाठी दोन मशीन ठेवली आहेत. एकदा जेवताना त्यांनी ते समजावून सांगितलं होतं. एक मशीन काम करतं, दुसरं नुसतं बसून पहिल्याला विचारत राहतं, "आहेस का?" पहिलं म्हणतं, "आहे." उत्तर आलं नाही की दुसऱ्यानं समजायचं, पहिलं गेलं, आणि त्याची जागा घ्यायची. फोन करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

"म्हणजे सवतीसारखी टपून बसलेली," मी म्हणालो होतो.

"सवत कशाला, धाकटी जाऊ म्हणा," ही म्हणाली होती. "थोरली आजारी पडली की पदर खोचायचा."

तर मी जावयांना फोन लावला. "जावईबापू, तुमचे फोन बंद पडलेत."

"नाही हो मामा. इथं माझ्या कॉम्प्युटरवर दिसतंय ना. दोन्ही मशीन चालू आहेत, दोन्ही दिवे हिरवे."

"मग उचलत का नाहीत?"

"सिस्टर कामात असतील."

"दोन्ही धडधाकट आहेत म्हणता, तर मग बोलत का नाहीत?"

ते म्हणाले, "दोन्ही हिरवे? थांबा. मी तिकडंच निघतो."

दोन्ही चालू आहेत म्हटल्यावर हा माणूस घाबरला का, ते मला कळेना. एखादं बंद आहे म्हटलं असतं तर समजलो असतो. ही म्हणाली, "आपणही निघू. तोंडानं सांगू. तोंडाला काही तार लागत नाही."

पण बस वाटेत रखडली, तिथंही मी फोन लावतच राहिलो, आणि आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढलो तेव्हा बारा होऊन गेले होते.

सिस्टर टेबलामागं बसलेली होती, समोर फोन. आम्हाला बघून ती उभीच राहिली. "अहो काका, आहात कुठं? किती वेळा लावला तुम्हाला. सारखा बिझी."

"आम्ही तुम्हालाच लावत होतो."

"मला? माझा फोन सकाळपासून वाजलेला नाही. मीच म्हटलं, आज किती शांत आहे."

आम्ही तिघांनी त्या फोनकडं पाहिलं. तो काळा, स्वच्छ, निरपराध बसला होता.

"मग आता?" मी विचारलं.

सिस्टरचा चेहरा उतरला. "आत्ताच पुढच्या नंबरला सांगितलं मी. बाई आहेत, शिवणकाम करतात. त्यांना अर्धा तास दिलाय. त्यांचा होकार आला तर आता बुबुळ त्यांचं. शब्द दिलाय मी. नाही आला तर तुम्ही समोर उभेच आहात."

"पण काय म्हणाल्या त्या?" हिनं विचारलं.

"घरी विचारून सांगते म्हणाल्या."

हिनं मान माझ्याकडं वळवली. तिला माझं तोंड नीट दिसत नव्हतं, हे त्या वेळी बरंच झालं.

बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. आत पंखा घरघरत होता आणि आमचे जावई जमिनीवर गुडघे टेकून कपाटाच्या मागं डोकं घालून बसले होते. मी जवळ गेलो. त्यांनी एक बारीक तार दोन बोटांत धरून दाखवली. तिच्या टोकाची, खाचेत अडकणारी कळ तुटली होती.

"हिच्यावरून ती एकमेकांना विचारतात," ते म्हणाले. "लावल्यासारखी दिसत होती, पण लागलेली नव्हती. दुसऱ्याला वाटलं पहिलं गेलं, म्हणून ते मालक झालं. पहिलं तर मालक होतंच. एक दिवा हिरवा आणि एक पिवळा दिसायला हवा होता, मामा. मी दोन हिरवे बघितले आणि म्हटलं, वा."

"पण दोघंही काम करतायत ना?"

"तेच तर. टेबलावरचे फोन पहिल्याचं ऐकतात. बाहेरून येणारे फोन दुसऱ्याकडं जातात. दुसऱ्याकडं घंटा वाजवायला फोनच नाही."

"दोन घरचा पाहुणा उपाशी," मी म्हणालो. एवढं मला समजलं. त्यापलीकडचं समजलं नाही.

त्यांनी दुसरी तार शोधून लावली. मग ते थांबले. दारातून त्यांनी सिस्टरच्या टेबलावरच्या घड्याळाकडं पाहिलं. सगळं त्यांच्या कानावर आलं होतं.

"आता एक मशीन बंद केलं की फोन यायला लागतील," ते हळू म्हणाले. "पण तशी काही घाई नाही, मामा. अर्ध्या तासानं केलं तरी कुणी विचारणार नाही."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. मी त्यांच्या बुटाच्या नाडीकडं बघत राहिलो. सुटलेली होती.

"कोण विचारणार नाही?" ही माझ्या मागंच येऊन उभी होती, हात चाचपत चौकटीवर ठेवून.

जावई उठून उभे राहिले. "तसं नाही, मामी. मी आपलं..."

"तिकडं ती बाई फोन लावत असेल. सकाळी यांनी लावला तसा. आणि ती मंजुळ भवानी तिला सांगत असेल, कुणी उपलब्ध नाही. बंद करा त्यातलं एक."

"कुठलं करू?"

"मला काय कळतंय त्यातलं? उगाच मोठेपणा करतंय ते करा."

"दोन्ही करतायत, मामी."

"मग धाकटीला बसवा खाली."

त्यांनी बटण दाबलं. एक हिरवा दिवा गेला. आम्ही उभे. काही झालं नाही. मला वाटलं, चला, तीही अजून विचारतेच आहे घरी. आणि तेवढ्यात बाहेर टेबलावरचा फोन वाजला.

सिस्टरनं उचलला. "हो... हो, मघाशी लागत नव्हता... किती वेळ लावत होता?... बरं. या तुम्ही. या." तिनं फोन ठेवला आणि आमच्याकडं बघायचं टाळून टेबलावरचं पेन सरळ केलं.

"निघाल्या त्या," ती म्हणाली.

ही म्हणाली, "जपून या म्हणायचं होतंस."

परतताना बसमध्ये ही खिडकीशी बसली. बाहेरचं काही दिसत नाही, तरी तिला खिडकीच लागते. मी हिशेब लावत होतो आणि तो लागत नव्हता. ते यंत्र बिघडलंच नसतं तर डोळा आम्हाला मिळाला असता. अर्धा तास आणखी बिघडलेलं राहिलं असतं तरी आम्हालाच. मग गेला तो बिघडलं म्हणून, की दुरुस्त झालं म्हणून? हिला विचारलं.

"तुम्ही विचारून सांगतो म्हणालात म्हणून," ही म्हणाली. मग थोड्या वेळानं माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "नंबर अजून पहिलाच आहे आपला. आता फोन आला की काय म्हणायचं?"

"येतो."

"हं."

काही दिवसांनी सकाळीच फोन वाजला. दवाखान्याचा नंबर. ही न्हाणीघरात. मी उचलला आणि समोरच्याला तोंड उघडू न देता म्हणालो, "येतो. आत्ता येतो."

"मामा, मी बोलतोय," जावई म्हणाले. "आता दोन तारा टाकल्यात, एक तुटली तर दुसरी. फोन लागतो का तेवढं बघत होतो."

"लागला."

"आणि कुठं येताय?"

मी फोन ठेवला.

"कोण होतं हो?" आतून हिनं विचारलं.

"जावई. फोन लागतो का बघत होते."

"मग येतो कुणाला म्हणालात?"

"फोनला."

आत पाण्याचा तांब्या थांबला. मग पाणी पुन्हा पडू लागलं आणि ही म्हणाली, "असू दे. सवय राहू दे."