पोहण्याची आवड

"झेम नाजे," आई आरशाकडे बघून म्हणाली आणि तिच्या तोंडाची चवच गेली. मला पोहायला आवडतं, असं ते फ्रेंच वाक्य होतं; नाजे म्हणजे पोहणं.

आज होणाऱ्या विहिणीशी फोनवर पहिली भेट होती. विहीण फ्रेंच बोलणारी, जावई तिचा एकुलता एक. लेकीनं आईसाठी आवडीनिवडी ठरवून, फ्रेंचमध्ये बोलून पाठवल्या होत्या: पोहणं, चित्रं काढणं, सूर्यास्त बघणं.

"अगं, जन्मात एकदा तलावात उतरले मी. कुणाच्या तरी जखमेची पट्टी येऊन ओठाला चिकटली. अजून आठवलं की ढवळून येतं!" तिनं लेकीला फोन लावून सांगितलं.

"आई, हे तिकडं बोलू नकोस हं."

"मग पत्ते सांगते. पत्त्यांना काय म्हणतात?"

"पत्ते तर मुळीच नाही! जुगारी वाटशील. पहिल्याच भेटीत माझी शोभा करू नकोस."

आईनं फोन ठेवला. ती कामाला होती त्या बटणांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत चौघी जणी खोक्यांवर बसून खेळायच्या. पत्त्यांना यंत्राच्या तेलाचा वास लागायचा. तिची भिडू ठमी, तोंडावरची माशी न हलू देता लबाडी करायची, आणि पकडली की वर तीच रुसायची. हसून हसून घास घशात अडकायचा. आता तिघीही गेल्या. रबर लावलेला तो पत्त्यांचा जोड तेवढा कपाटात राहिला. त्या दुपारी पुसून टाकायच्या आणि म्हणायचं काय, तर सूर्यास्त! स्वतःच्या तोंडाची तिला शिसारी आली. पण लेकीचा संसार मांडायचा होता. तिनं पुन्हा घोकायला घेतलं.

संध्याकाळी फोनच्या पडद्यावर विहीण उगवली. गोल चेहरा, गळ्यापर्यंत बटणं, ओठांवर ताणून बसवलेलं हसू. दुसऱ्या चौकोनात लेक आणि जावई, परीक्षेला बसवल्यासारखे.

"आधी मम्मी बोलेल," जावई म्हणाला. "मराठीत!"

विहिणीनं श्वास घेतला. "मला. पोहायला. आवडते. मला चित्र काढायला आवडते. मला सूर्यास्त..."

लेकीनं टाळ्या वाजवल्या. दोघांनी मिळून दोन म्हाताऱ्यांना एकच औषध पाजलं होतं! शब्द उच्चारताना विहिणीचं नाक जरासं मुरडत होतं, ते मुलांना दिसलं नव्हतं. आईला दिसलं. सकाळी आरशात तिचं स्वतःचं नाक तस्संच मुरडलं होतं.

"आता तू, आई," लेक म्हणाली. डोळ्यांत विनवणी.

आईनं तोंड उघडलं. ओठाला ती ओली पट्टी पुन्हा चिकटल्यासारखी वाटली.

"नाजे," ती म्हणाली, आणि दोन्ही हात झटकत, जीभ बाहेर काढत पुढं म्हणाली, "शी!"

"आई!"

विहिणीनं आईची बाहेर काढलेली जीभ पाहिली. मग तिचं ताणलेलं हसू गळून पडलं. "नाजे? बर्क!" तीही जीभ काढून म्हणाली, आणि तिनं वरचं बटण सोडलं.

"मम्मी!" जावई ओरडला.

"शी," विहिणीनं चवीनं म्हणून बघितलं. "शीऽऽ!"

आई उठून कपाटाकडं गेली. जोडाचं रबर काढलं, पत्ते पिसले आणि पडद्यासमोर पंख्यासारखे उघडून धरले. लेकीनं कपाळाला हात लावला.

विहीण डोळे बारीक करून पुढं वाकली. पत्त्यांवरून नजर फिरवली. मग खुर्ची मागं सारून तीही कुठंतरी उठून गेली, आणि खण ओढल्याचा आवाज आला.