वाम विकणारीच्या घरचं जेवण

फिलूमेनेच्या घरी मी पहिला घास घेतला, ती संध्याकाळ मला आठवते ती पाण्याखालून पाहिल्यासारखी. ओरोंतेस नदीवरून धुकं चढत येऊन दारातून आत शिरलं होतं, आणि दिव्याभोवती बसलेली पंधरा-वीस माणसं त्यात अर्धी बुडाल्यासारखी दिसत होती. माझ्यासमोर मसुरीचं कालवण होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, आणि हात तसाच थांबला.

चाळिशीला आले होते मी. इतक्या वर्षांत परक्याच्या चुलीवरचं काही माझ्या ओठांना लागलं नव्हतं. लहानपणी बाहेर खेळून आले की आई माझी बोटं हुंगायची. ग्रीक शेजाऱ्यांकडे काही खाल्लं का, ते तिला वासावरून कळायचं. ओरडायची नाही, एवढंच म्हणायची, "सिब्या, आपण काय खात नाही, त्यावरून देव आपल्याला ओळखतो." आईला जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्या संध्याकाळी मला बोटांवर तिचा श्वास जाणवला.

"अगं, नवं मडकं आहे," फिलूमेने माझ्या कानाशी म्हणाली. "यात वाम कधीच शिजली नाही. तुझ्या देवाची शपथ."

"शपथ नको घालूस बाई, तीही आम्हाला चालत नाही!"

दोघी हसलो, आणि त्या हसण्यात घास कधी आत गेला ते कळलंच नाही.

फिलूमेने वाम विकायची. कोळी नवरा गेला तशी टोपली तिच्या डोक्यावर आली. खवले नसलेला मासा आम्हा यहूदी लोकांना वर्ज्य, म्हणून ती आमच्या आळीतून निघाली की बायका अंग चोरून भिंतीला चिकटायच्या. मीही चिकटायचे. मग येशूच्या नावाने जमणाऱ्या माणसांत मी आणि माझा नवरा आसाफ जायला लागलो, आणि तिथे ही भेटली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं, यहूदी आणि ग्रीक एकाच पंगतीत, आणि तेही हिच्या घरी, कारण अंगण मोठं. आमच्यासाठी तिने भांडी वेगळी केली. मांस भिजवून, मीठ चोळून, उतरत्या फळीवर ठेवून रक्त निथळू द्यायला मीच तिला शिकवलं. "तुमच्या देवाला मीठ फार आवडतं," ती म्हणायची.

द्राक्षं उतरायच्या सुमारास यरुशलेमाहून चार माणसं आली. त्यांतले वडीलधारे योएजेरकाका फार मायाळू. आसाफच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, डुकराचा एक तुकडा तोंडात घेतला नाही म्हणून आपल्या माणसांनी जीव दिले. येशूवर विश्वास ठेव, पण त्या लोकांना विसरू नकोस. मनं एक असू देत, ताट वेगळं ठेव."

पुढच्या जेवणाला भिंतीकडेला आम्हा यहूदींसाठी दुसरी पंगत मांडलेली होती. आसाफ उठला. एकेक करून आमचे सगळे उठले. फिलूमेने फडक्यात धरलेलं गरम मडकं घेऊन मधोमध उभी होती. मी तिच्याकडे न बघता उठले. मागे मडक्यावर झाकण ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

त्यानंतर आम्ही दोघांनी जाणंच सोडलं. मला एकच स्वप्न परत परत पडायचं. आई नदीत भांडी धुतेय, शेकडो भांडी, धुतलेलं प्रत्येक भांडं पाण्यावर सोडून देतेय, आणि ती एकामागून एक वाहत पलीकडच्या काठाला लागतायत. एक वाटी ती माझ्या हातात देते. ही उष्टी कुणाची, असं विचारायला मी तोंड उघडते, आणि तोंडात नदी शिरते.

एका सकाळी मी आमच्या आळीतल्या पदायाकडे मांस आणायला गेले. सुरी पुसत तो म्हणाला, "वहिनी, तुमची ती मासेवाली आत्ताच गेली बघा. शेळीची तंगडी घेऊन."

"फिलूमेने? इथे?"

"दर आठवड्याला येते, अख्खं अंत्युखिया शहर ओलांडून. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे बाजार नाही का? तर म्हणाली, तिथलं मांस देवळातून येतं, मूर्तीला वाहिलेलं, ते त्यांना चालत नाही. कुणाला चालत नाही हो, वहिनी? मला वाटलं, तुम्ही जाणं सोडलंत."

मी रिकाम्या हाताने तशीच चालत सुटले. वाटेत कोण भेटलं, ऊन होतं की सावली, काही आठवत नाही.

ती अंगणात होती. फळीवर मीठ लावलेलं मांस, खाली राखेत टपटप गळणारं गुलाबी पाणी.

"कुणासाठी गं हे?" मी विचारलं.

"जेवणाऱ्यांसाठी."

"तुझ्या मडक्यातलं खाणारे तर आता सगळे तुमचेच, भिंतीकडचे घरचं आणतात. त्यांना कशाला एवढं?"

"शिव्या घालतात मला. म्हणतात, खारट कशाला करतेस." तिने वर पाहिलं नाही. "पण तुमच्यातलं कुणी परत आलंच तर? दारातल्या माणसाला काय सांगू, थांबा जरा, मांस भिजत घालते?"

"मी तुझ्यासमोरून उठले, फिलूमेने."

"उठलीस. राग आला मला. अजून आहे. ही घागर धर आणि पाणी ओत, माझी कंबर मोडलीय."

मी पाणी ओतलं. मीठ धुऊन निघेपर्यंत ओतत राहिले.

घरी येऊन आसाफला सांगितलं, "मी आज तिथे जेवणार आहे."

त्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तुला वाटतं, मी काकांना घाबरून उठलो. तसं नाही. पहिल्या दिवसापासून घरी आलो की मी मागच्या परसात जाऊन ओकायचो. मन हो म्हणायचं गं, पोट ऐकायचं नाही."

इतकी वर्षं संसार केला, आणि हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी तो माझ्याबरोबर निघाला. फडक्यात आमच्या घरची भाकरी आणि मूठभर ऑलिव्ह होती. भिंतीकडच्या पंगतीला वळसा घालून तो सरळ ग्रीकांमध्ये जाऊन बसला आणि स्वतःचं फडकं सोडलं. सगळे बघत राहिले.

"आसाफभाऊ," फिलूमेने म्हणाली, "आमच्या घरची हवा तरी चालते ना?"

"वाम शिजत नसेल तर चालते."

ती इतकी हसली की तिला मडकं खाली ठेवावं लागलं. मी तिच्या मडक्यातलं घेतलं, त्याने त्याच्या फडक्यातलं. त्या हिवाळ्यात भिंतीकडची माणसं एकेक करून इकडे सरकली, सगळी नाही. पुढे यरुशलेमात मोठी बैठक झाली म्हणे, आणि ग्रीकांनी निदान रक्त आणि देवळातलं मांस टाळावं एवढं ठरलं. फिलूमेने म्हणाली, "एवढं तर मला सिब्यानेच शिकवलं होतं."

आसाफने तिच्या हातचे शिजवलेले हरभरे घेतले ते दोन वर्षांनी. मांस कधीच नाही. त्याच्या कितीतरी आधी, गावी परतायच्या वेळी, योएजेरकाका त्याला भेटायला आले होते. त्यांनी विचारलं, "बाळा, तिथलं काही खात नाहीस, मग जातोस कशाला?"

"घरी एकट्याने जेवलो की भाकरीला चव लागत नाही, काका," आसाफ म्हणाला.